टाका आणि तारीख

कापड विकत घेणं हा एक छंद आणि क्विल्ट शिवणं हा दुसरा, असं क्विल्टिंग करणाऱ्यांच्या जगात गमतीने म्हणतात. पुण्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर शनिवारी भरणाऱ्या वर्गात शिकवणाऱ्या ताईंनी हे वाक्य ऐकवलं, तेव्हा समोरच्या बायका हसल्या, पण जरा चोरट्यासारख्या. प्रत्येकीच्या पायाशी एकेक पिशवी होती. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंच्या पिशवीत मुलाच्या लग्नात द्यायच्या क्विल्टचे चौकोन होते. त्या मुलाची मुलं आता शाळेत जातात. आयटीतल्या एकीने लॉकडाउनमध्ये षटकोन जोडायला घेतले होते, ते उशीच्या अभ्र्याएवढे होऊन थांबले होते. तिसरीचा वरचा थर पूर्ण शिवून, इस्त्री करून, गुंडाळून ठेवलेला होता आणि तसाच वर्षानुवर्षं कपाटावर पडला होता. ताईंचं म्हणणं असं की टाका शिकवायला महिना पुरतो. घेतलेलं काम संपवायला शिकवणं हीच खरी मास्तरकी.

अमेरिकेतल्या क्विल्टर बायका अशा अर्धवट कामांना ‘यूएफओ’, म्हणजे ‘अनफिनिश्ड ऑब्जेक्ट’, म्हणतात आणि आता आपल्याकडच्या वर्गांतही तोच शब्द चालतो. ‘माझे अकरा यूएफओ आहेत,’ असं एखादी सांगते, तेव्हा त्यात थोडी लाज असते आणि थोडा तोराही असतो. कारण अकरा कामं सुरू करायला अकरा वेळा कापड घ्यावं लागतं, अकरा नमुने आवडावे लागतात.

माझ्या आजोळी गोधड्यांची उतरंड होती; अर्धवट राहिलेली गोधडी मात्र कधी पाहिल्याचं आठवत नाही. त्या बायका आपल्यापेक्षा चिकाटीच्या होत्या, हे त्याचं सोपं उत्तर. ते मला पटत नाही. त्याच बायकांची अर्धवट राहिलेली मण्यांची तोरणं आणि एकाच पायाचे लोकरी मोजे मी पाहिलेले आहेत. गोधडीच तेवढी पुरी होत असे. का, ते शोधण्यासाठी गोधडी अजून शिवली जाते तिथे जाऊन बसणं भाग होतं.

*

माणदेशात तिला वाकळ म्हणतात. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या या कोरड्या पट्ट्यात चैत्र-वैशाखात रानात काम नसतं, आणि म्हणून घरात असतं. शेवया, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट आणि वाकळा हे सगळं एकाच मोसमात उरकायचं. मी ज्या घरी गेले तिथल्या आज्जींनी सत्तरी कधीच ओलांडली होती. डोळ्यांना दिसत नाही अशी तक्रार करत त्या टाका मात्र बोटांनी चाचपून घालत होत्या.

“मिरग लागायच्या आत उरकावं लागतं बाई. एकदा पाऊस लागला का अंगण गेलं, मानसं रानात गेली. मग वाकळ कुठं हातरायची आन् कुनी शिवायची?”

एखाद्या वर्षी राहून गेली तर, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ऱ्हातीया कशी? थंडी ऱ्हातीया व्हय?”

वाकळ घालायची रीत बघण्यासारखी आहे. सारवलेल्या अंगणात सगळ्यांत धड असलेलं लुगडं पसरतात. त्याच्यावर विरलेले थर: जुनं धोतर, लुगड्याचे धडपे, परकराचा घेर, जे असेल ते. विरलेल्या भागावर शेजारच्या थराचा मजबूत भाग येईल असं बघून मांडणी करायची. लुगडं बसण्याच्या जागी आधी जातं आणि पदराकडे बरंच धड राहतं, हे शिवणारणीला न बघता ठाऊक असतं. वरच्या थराला पुन्हा धड कापड, आणि त्यावर रंगीत तुकडे. मग दोघी समोरासमोर उभ्या राहून कापड ताणतात, चार कोपऱ्यांवर वरवंटा, वीट, जे जड सापडेल ते ठेवतात आणि मधला झोळ हाताने बाहेरच्या बाजूला ढकलत नेतात. झोळ हा या कामातला मोठा वैरी. वरून सगळं सपाट दिसतं आणि खालचा थर आत चुणलेला असतो; शिवून झाल्यावर उलटी केली की कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आधी हातभर अंतरावर लांब कच्चे टाके टाकून सगळे थर एकमेकांना टाचून घेतात आणि मगच खरी शिवण सुरू होते: कडेपासून, चारी बाजूंनी फिरत, आत आत.

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब वाकळ धरली तर जोड देऊन एका लुगड्यात साधारण तीन थर निघतात. दोन लुगडी आणि थोडा किरकोळ माल एवढ्यात वाकळ होते. शिवणीच्या ओळी एकमेकींपासून बोटभर अंतरावर असतात. हिशेब मांडला तर शंभरेक ओळी होतात, आणि दोनशे मीटरहून जास्त लांबीचा धावदोरा होतो. आत-बाहेर मिळून एक टाका सव्वा सेंटिमीटरला थोडा कमी धरला, तर एका वाकळेत सतरा-साडेसतरा हजार टाके. सरावलेला हात सुईवर चार-पाच टाके एकदम भरून मिनिटाला दहा-बारा टाके घालतो. म्हणजे एकटी बाई बसली तर किमान चोवीस तासांचं निव्वळ शिवणकाम. त्यात दोरा ओवणं, गाठ मारणं, पाठ ताठ करणं हे धरलेलंच नाही. तेच चौघी चार बाजूंना बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सहा तास येतात. दुपारची जेवणं उरकल्यापासून चहापर्यंतच्या तीन-चार बैठका.

गोधडी पुरी का होत असे याचं निम्मं उत्तर या बेरजेत आहे. चोवीस तासांचं काम कुणीच एकटीने करत नसे. आज तुझ्या दारात, उद्या माझ्या दारात. जिच्या घरची वाकळ चौघींनी शिवली तिला उरलेल्या तिघींच्या अंगणात जाऊन बसावंच लागे, आणि न जाणं ही साधी आळसाची गोष्ट नव्हती; त्याची चर्चा वर्षभर पुरत असे. उरलेलं निम्मं उत्तर मृगात आहे.

शिकणंही याच बैठकीत होई. पोरीला आधी सुईत दोरा ओवून द्यायचं काम. म्हाताऱ्यांचे डोळे अधू, पोरींचे तीक्ष्ण, त्यामुळे ही सोय दोघींच्या फायद्याची. मग कच्चे टाके, कारण ते पुढे उसवायचेच असतात. मग वाकळेच्या मध्याकडची एखादी ओळ, जिथे तिरकं गेलं तरी कुणी बघत नाही. कड आणि कोपरे सगळ्यांत शेवटी हाती येत. “कोपरा दिला म्हंजी पोरगी शिकली,” आज्जी म्हणाल्या. किती वर्षं लागत, हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी कधी मोजलं नव्हतं. शिकण्यासाठी वेगळी वस्तू कधी शिवली गेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. सरावाचा तुकडा नाही, नमुना नाही. पहिल्या वाकड्या टाक्यापासून जे काही केलं ते कुणीतरी अंगावर घेणार होतं.

*

शनिवारच्या वर्गात नेमकं उलट. तिथे पहिले काही तास फक्त सरावाचे तुकडे, आणि तेही कारणाशिवाय नाही.

गोधडीत तुकडा बसेल तिथे बसतो. कड सुईच्या टोकाने आत दुमडायची आणि पुढे जायचं. ठोकळे जोडून केलेल्या क्विल्टमध्ये तुकड्याला आपली जागा ठरवून दिलेली असते. पाश्चात्त्य पद्धतीत शिवणीची जागा पाव इंच धरतात आणि सगळं गणित त्यावर चालतं. सुतारकामाच्या टेपवर इंचाचे आठ सूत असतात, तसे मोजले तर ही शिवण दोन सूत. आता समजा प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सूत कापड जास्त गेलं. डोळ्याला ते दिसतही नाही. पण नऊ तुकड्यांच्या ओळीत आठ शिवणी असतात. एका शिवणीमागे एक सूत म्हणजे आठ शिवणींत आठ सूत, अख्खा इंच गायब. शेजारची ओळ शिवणारीचा हात बरोबर असेल तर दोन ओळी एकमेकींना जुळणारच नाहीत. दुपारभर उसवत बसलेली बाई घरी जाते आणि ती पिशवी पुन्हा उघडत नाही. अर्धवट राहिलेल्या कामांपैकी कितीतरी या अर्ध्या सुताने बुडालेली असतात.

म्हणून ताई पहिल्या दिवशी एक परीक्षा घेतात. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून एकमेकींना जोडायच्या. जोडल्यावर मधली पट्टी पट्टीने मोजायची. बरोबर एक इंच भरली तर शिवण पाव इंचाची आहे. भरली नाही तर मशीनची सुई सरकवा, नाहीतर दाबपट्टीच्या बाजूला चिकटपट्टीची खूण करा, आणि पुन्हा शिवा. वर्गातल्या निवृत्त काकूंना हे पहिल्या फटक्यात जमलं. आयुष्यभर टोटल जुळवल्यात, त्या म्हणाल्या.

तसंच इस्त्रीचं. आपल्याला इस्त्री फिरवायची सवय. इथे ती ठेवायची आणि उचलायची, कारण तिरक्या कापलेल्या कडा फिरवल्या की ताणल्या जातात आणि चौकोनाचा पतंग होतो. एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबायच्या, खालच्या ओळीच्या उजवीकडे. मग दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी बोटांना लागून एकमेकींत बसतात, टाचणीसुद्धा लावावी लागत नाही. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, पण बोटांना कळायला दुसऱ्याच्या टेबलाशी उभं राहावं लागतं. कापायला फिरत्या पात्याचा कटर असतो, पिझ्झा कापायच्या चाकासारखा दिसणारा. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ साली बाजारात आणला आणि क्विल्टिंगचा वेग बदलला. कात्रीने एकेक चौकोन कापण्याऐवजी कापडाच्या चार घड्या एका ओढीत कापल्या जाऊ लागल्या. त्याच्या आदल्याच वर्षी एलिनॉर बर्न्स या अमेरिकन बाईंनी एका दिवसात क्विल्ट करायची रीत सांगणारं पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढलं होतं आणि ते हातोहात खपलं.

कापणं सोपं झालं तशी सुरुवात सोपी झाली. शेवट होता तेवढाच अवघड राहिला. कारण क्विल्टचं काम अडतं ते कापण्या-जोडण्यात कमी आणि त्याच्या पुढच्या पायरीवर जास्त: वरचा जोडलेला थर, मधला कापसाचा थर आणि खालचं अस्तर एकावर एक पसरून टाचणं. याला मोकळी जमीन लागते, गुडघे लागतात आणि घरातल्या माणसांनी दोन तास त्या खोलीतून न जाणं लागतं. वन बीएचकेमध्ये या तिन्हींचा तुटवडा. वर्गातली जी तयार थर कपाटावर ठेवून होती, तिला कारण विचारलं तर ती म्हणाली, “सोफा सरकवायला दोघं लागतात, आणि रविवारी मॅच असते.” आळशी म्हणून तिला हिणवण्याआधी माणदेशातलं सारवलेलं अंगण आठवावं.

*

काम अडणं हे काही आजचं नाही, आणि फक्त सामान्यांचंही नाही. मे १८११मध्ये कादंबरीकार जेन ऑस्टिनने बहीण कसांड्राला लिहिलेल्या पत्रात पॅचवर्कसाठी तुकडे गोळा करायची आठवण केली आहे, कारण घरी काम थांबलं होतं. त्या दोघी बहिणी आणि त्यांची आई यांनी मिळून शिवलेली छिटाच्या तुकड्यांची चादर इंग्लंडमधल्या चॉटन गावी, ऑस्टिनच्या घराच्या संग्रहालयात आहे. ती पुरी झाली. तिघी होत्या आणि एक जण पत्रातून टोचत होती.

इंग्लंडमधल्या त्या काळच्या पद्धतीत तुकड्याच्या आत कागदाचा साचा ठेवून कड त्यावर दुमडत आणि सगळं जोडून झालं की कागद काढून टाकत. कागद कुठला, तर जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, वर्तमानपत्रं. काम अर्धवट राहिलं की कागद आतच राहत. आज संग्रहालयांतले अभ्यासक याच कागदांवरून त्या कापडाचं साल आणि घराणं ओळखतात. म्हणजे जिने काम टाकून दिलं तिची माहिती टिकली, आणि जिने नेटाने पुरं केलं तिने आपलीच कागदपत्रं उपसून फेकली. वर्गातल्या षटकोनवाल्या मुलीला हे सांगितलं, तेव्हा तिला फारच बरं वाटलं. तिच्या साच्यांवर कंपनीच्या जुन्या सादरीकरणांची पानं होती.

अमेरिकेतल्या खेड्यांत हिवाळाभर एकटीने घरी बसून वरचा थर जोडायचा आणि मग शेजारणींना बोलावून लाकडी चौकटीवर ताणलेल्या तिन्ही थरांवर एकत्र टाके घालायचे, अशी रीत होती. अवघड पायरी नेमकी सामुदायिक ठेवलेली. माणदेशात आणि तिकडे बायकांनी एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी दुखणं ओळखलं होतं.

अलाबामा राज्यात नदीने तीन बाजूंनी वेढलेलं जीज बेंड नावाचं गाव आहे. गुलामीत राबलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांचं हे गाव. कामाच्या कपड्यांचे, डेनिमचे, पिठाच्या पोत्यांचे तुकडे जोडून तिथल्या बायका क्विल्ट करत, आणि ते २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागले. २००६मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. मिझूरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या कपड्यांचा क्विल्ट शिवला होता, तो त्यातला गाजलेला. मला मात्र त्याहून जास्त रस आहे तो मधल्या काळात. १९६६ साली नागरी हक्कांच्या चळवळीतून त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली. मोठ्या दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या. १९७२मध्ये सीअर्स कंपनीने कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम दिलं. दुकानाला सगळे अभ्रे एकसारखे हवेत, ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या तारखेला. बायकांनी ते केलं, पैसे मिळवले, आणि कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरी नेऊन मनासारखे क्विल्ट केले. आज कॉर्डरॉयचे ते घरगुती क्विल्ट संग्रहालयांत आहेत. अभ्र्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आपल्याकडचं याला जवळचं उदाहरण कारवार-हल्याळकडे सापडतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून जंगलाच्या आश्रयाला आले, आणि आजही त्यांच्या घरात कोकणी बोलली जाते. सिद्दी बायकांची गोधडी म्हणजे कवंदी. ठोकळे नाहीत, आधी जोडलेला वरचा थर नाही. अस्तर मांडीवर घ्यायचं, एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, टाका घालायचा, की जोडणं आणि शिवणं एकदमच होतं. कडेकडेने गोल फिरत मध्यापर्यंत पोचलं की कवंदी झाली. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी मानतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलाभ्यासक हेन्री ड्रुअल यांच्या पुढाकाराने २००४ साली या बायकांची सहकारी संस्था निघाली आणि २०११मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात त्यांच्या कवंद्यांचं प्रदर्शन झालं.

अर्धवट कामांच्या दृष्टीने कवंदी फार शहाणी आहे. तिला मोकळी जमीन लागत नाही, सोफा सरकवावा लागत नाही. मांडीवरून उतरवून ठेवली तरी चालते, कारण जेवढी झाली तेवढी पूर्ण झालेली असते. वर्गात आता अनेकींनी या पद्धतीने एकेक लहान तुकडा केला आहे, आणि ताईंचा अनुभव असा की ठोकळ्यांचे क्विल्ट रखडवणाऱ्या बायका कवंदी पुरी करतात.

*

अंगण, शेजारणी आणि मृग या तिन्हींच्या जोडीला चौथी गोष्ट होती, ती म्हणजे कापड. ते मोजकं होतं. घरात किती लुगडी फाटली यावर किती वाकळा होणार हे ठरे. आता कापडाला अंत नाही, आणि गंमत अशी की वाकळेला लागणारं कापड मात्र मिळेनासं झालं आहे. १९८२च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, १९८५च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट करून दिली, आणि खेड्यापाड्यांत नायलॉन-पॉलिएस्टरच्या पातळांनी सुती लुगड्याची जागा घेतली. स्वस्त, लवकर वाळणारं, न विटणारं कापड नेसणारीला सोयीचं होतं, वाकळेला नव्हतं. ते घाम पीत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, आणि कितीही वापरलं तरी ते विरून मऊ होत नाही. आज्जी त्याला “पलास्टिक” म्हणतात. त्यांच्या सुनेची पातळं त्या वाकळेच्या वरच्या थराला वापरतात, रंगासाठी. पोटात घालायला अजून जुनी धोतरं राखून ठेवली आहेत.

मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी खेडोपाडी फिरून या गोधड्यांची नोंद केली, त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते काढलं फ्रान्समधल्या क्विल्टमानिया या प्रकाशनाने. पॅट्रिक फिन या परदेशी अभ्यासकाच्या भारतीय क्विल्टवरच्या ग्रंथातही आपल्या गोधड्यांना जागा आहे. हे चांगलंच झालं, पण मराठी घरांत अजून गोधडी म्हणजे पाहुणे आले की आत सरकवायची वस्तू. नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची पद्धत होती तेव्हा वर्षातून एकदा तरी सगळ्या गोधड्या उन्हात येत, आणि कुठली उसवली, कुठल्या गोधडीवर आता नवं कापड चढवायचं, हे दिसे. जुनी गोधडी टाकत नसत. ती नव्या गोधडीच्या पोटात जाई. आता ओली गोधडी वॉशिंग मशीनला पेलत नाही, म्हणून ती धुतली जात नाही, आणि धुतली जात नाही म्हणून वापरली जात नाही.

शहरात थंडीच्या तोंडावर दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बाया मात्र अजून येतात. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा एक मावशी जावेला घेऊन बसल्या होत्या. बोटाला अंगुस्तानाऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा, शेजारी दिलेल्या साड्यांचा ढीग. ओळ सरळ येण्यासाठी खूण नाही, खडू नाही; आधीच्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवायचं आणि त्याच्या कडेने सुई न्यायची. आज ही पुरी होणार का, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “व्हायलाच पायजे ताई. पाचला गाड्या येत्यात, मग वॉचमन उठीवतो.”

वर्गातल्या काही जणींनी आता कपाटावरचे थर अशा मावशींकडून टाके घालून घ्यायला सुरुवात केली आहे. परदेशात हेच काम लाँगआर्म नावाच्या मोठ्या मशीनवर पैसे देऊन करून घेतात. आपल्याकडे ते हाताने होतं, जास्त देखणं होतं, आणि स्वस्तात होतं. ते स्वस्तात होतं हे मला खटकतं. जोडकाम करणारी आपल्या क्विल्टची किंमत सांगताना कापड, कापूस, तास सगळं मोजते. मावशींच्या सतरा हजार टाक्यांचा भाव नगावर ठरतो, आणि तोही घासाघीस करून. प्रदर्शनात चिठ्ठीवर नाव एकीचंच असतं. वर्गात मी हे बोलले तेव्हा थोडी शांतता पसरली. मग निवृत्त काकूंनी मावशींचा पत्ता विचारला आणि दोन नावांची चिठ्ठी लावायची तयारी दाखवली. भावाचं काय ठरलं, ते मला कळलेलं नाही.

*

रखडलेल्या पिशव्यांवर वर्गात जे उपाय चालतात, त्यांतले बरेचसे हरवलेल्या गोष्टी मागच्या दाराने परत आणणारे आहेत. महिन्याचा एक शनिवार फक्त थर टाचण्यासाठी ठेवलेला आहे. टेबलं एकमेकांना जोडायची, चौघींनी चार बाजूंना उभं राहायचं आणि एकीचा क्विल्ट टाचून द्यायचा. पुढच्या वेळी दुसरीचा. कपाटावरचा तो थर अशाच एका शनिवारी खाली आला.

दुसरा उपाय अमेरिकेतल्या बॉनी हंटर यांनी लोकप्रिय केलेला. मशीनवर तुकड्यांची माळ शिवताना सुरुवातीला आणि शेवटी दोरा गुंतू नये म्हणून एखादी चिंधी सुईखाली घालतात. त्या चिंधीच्या जागी दुसऱ्या क्विल्टचे दोन छोटे चौकोन घालायचे. पहिलं काम चालू असताना दुसऱ्याची जोडणी आपोआप होत राहते. चिंधी वाया न घालवण्याचा हा विचार आज्जींना सांगितला असता तर त्यांना त्यात नवल वाटलं नसतं. षटकोनवालीने आपलं काम बिस्किटाच्या डब्यात भरून लोकलमध्ये न्यायला सुरुवात केली आहे. कामानिमित्त तिला आता मुंबईत राहावं लागतं. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, तिथे षटकोन का नको? ठाणे ते दादर एक, परतताना एक. टाका मोजून ठरलेला, उठायची वेळ स्टेशनवर ठरलेली.

यादी करणं हाही एक उपाय सांगितला जातो. माझं त्याबद्दल फारसं चांगलं मत नाही. अकरा कामांची यादी केली की बारावं सुरू करायला मन मोकळं होतं.

नव्याने शिकणारीला ताई आता क्विल्ट सांगतच नाहीत. आधी दुपटं कर म्हणतात. तीन फूट बाय तीन फूट, घरातल्या जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तीन थर, मध्ये कापूस नाही, वर हवे तर चार रंगीत तुकडे, आणि कडेपासून आत आत जाणारा साधा धावदोरा. टाचायला जेवणाचं टेबल पुरतं. शिवणी बोटभर अंतरावर घेतल्या तर पाच हजारांच्या आसपास टाके होतात, म्हणजे रोज तासभर बसलं तर आठवडाभराचं काम. कोपरे बिघडले तरी नेसूच्या कापडाइतका मऊपणा त्यात असतोच. एकच अट: दुपटं उगाच करायचं नाही, ओळखीतलं कुणीतरी बाळंत होणार असलं पाहिजे. ती तारीख डॉक्टरांनी दिलेली असते आणि आपल्यासाठी पुढे ढकलली जात नाही. चुकलीच तर बहुतेकदा अलीकडे येते.